पर्समधला चाकू आणि पाठीवरचे वळ

वाचकाचे पत्र

ताई, माझी मुलगी २४ वर्षांची. एका औषध कंपनीच्या गोदामात बिलिंगला आहे, सेकंड शिफ्ट करून रात्री साडेदहाला सुटते. गेले दोन महिने एक माणूस बसस्टॉपपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्या मागे येतो. अंगाला हात लावलेला नाही, पण एकदा नाव घेऊन हाक मारली. तिच्या भावाने ऑनलाइन बटण चाकू मागवून तिच्या पर्समध्ये टाकला आहे. ती म्हणते, असू दे, धीर वाटतो. मला मात्र त्या चाकूचीच भीती वाटते.

मुलगा २१ वर्षांचा. गेल्या महिन्यात नाकाबंदीत त्याची गाडी अडवली, कागदपत्रांवरून हुज्जत झाली आणि एका हवालदाराने त्याच्या पाठीवर आणि पोटऱ्यांवर काठ्या मारल्या. वळ आठ दिवस होते. तेव्हापासून तो म्हणतो, "ज्यांनी वाचवायचं तेच मारतात. पुन्हा कुणी हात उचलला तर मीही उचलणार, वर्दी असो नसो." बंदुकीचा परवाना कसा काढायचा ते मोबाइलवर बघत बसतो. मिस्टरांनी गाडीत हॉकी स्टिक ठेवली आहे.

कायद्याने काय जवळ ठेवता येतं? मुलीने मारलं तर तीच अडकेल का? आणि पोलीस विनाकारण मारत असतील तर माणसाने हात बांधून उभं राहायचं का?

– एक आई

उत्तर

ताई, चाकू आज रात्रीच पर्समधून काढा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी करा.

चाकू वापरायचा तर समोरचा माणूस हाताच्या अंतरावर यावा लागतो, आणि तो तिथवर पोचू नये म्हणूनच तर तुमची धडपड चालली आहे. बटण दाबलं, पातं बाहेर आलं, पुढे काय करायचं हे मुलीला कुणी शिकवलेलं नाही. तिच्यापेक्षा ताकदवान माणसाने मनगट पिरगळलं की तोच चाकू तिच्यावर उलटतो. दुसरं म्हणजे चाकू बेताने मारता येत नाही. घाबरवण्यापुरता केलेला वार मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला लागला तर माणूस काही मिनिटांत दगावतो. मग तुमच्या मुलीवर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८, म्हणजे घातक हत्याराने दुखापत, किंवा कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, असा गुन्हा दाखल होऊ शकतो. माणूस दगावला तर त्याहून मोठा. स्वतःला वाचवायला मारलं हे न्यायालयात तिलाच दाखवून द्यावं लागतं. ते सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असणं जास्त संभवनीय आहे एवढं पुरतं. तरी त्यासाठी जाणारी वर्षं तिचीच असतात.

चाकू विकणारे सांगतात, पातं छोटं आहे, कायदेशीर आहे. ही अर्धीच गोष्ट. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. उरलेली अर्धी गोष्ट महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) मध्ये आहे. सणवार, निवडणूक, मोर्चे असले की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी या कलमाखाली शस्त्रबंदीचा आदेश काढतात. वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येतो तोच. सुरे, काठ्या, सोटे, दंडुके आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला त्यात मनाई असते. आदेश एका वेळी बहुतेक १५ दिवसांचा, पण पुष्कळ शहरांत एक संपला की दुसरा निघतो. अशा दिवसांत पर्समध्ये बटण चाकू सापडला तर कलम १३५ खाली कारवाई होते, चाकू कुणावर उगारला नसला तरी. गाडीतली हॉकी स्टिकही याच हिशेबात येते. घरात कुणी हॉकी खेळत नसेल तर ती गाडीतून काढा.

तुमच्या मुलीला चाकूपेक्षा जास्त धीर तिच्या हक्काने यायला हवा, आणि तो हक्क फार मोठा आहे. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलले, गाभा तोच आहे. पहिला फटका खाऊन मग हात उचलावा असं कायदा म्हणत नाही. हल्ल्याच्या प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे शरीराला धोका आहे अशी रास्त भीती निर्माण झाली त्या क्षणी हक्क सुरू होतो. हल्ला आपल्याच अंगावर आला पाहिजे असंही नाही, दुसऱ्या कुणाला वाचवण्यासाठीही तो आहे. कलम ३८ तर सांगतं की काही प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती असेल, बलात्काराचा किंवा अनैसर्गिक अत्याचाराचा हेतू असेल, पळवून न्यायचा प्रयत्न असेल, मदत मागता येणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवलं जात असेल किंवा कुणी अॅसिड टाकत असेल.

अशा वेळी किती जोर लावला याचा हिशेब नंतर थंड डोक्याने, अगदी बारीक मापाने करायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अमजद खान खटल्यात म्हटलं की या गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत. २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या हक्काची तत्त्वं न्यायालयाने पुन्हा एकत्र मांडून दिली. त्यातलं एक असं की खरोखर किंवा तसा रास्त समज झाल्यामुळे संकटात सापडलेल्या माणसाने पायरी-पायरीने मोजून प्रतिकार करावा अशी अपेक्षा धरणं वास्तवाला धरून नाही.

या हक्काला मर्यादाही आहेत, आणि तुमच्या घरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. धोका आहे तोवरच वापरायचं. आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क मिळत नाही. समजा, त्या माणसाने मुलीचा हात धरला. तिने त्याच्या डोळ्यांत स्प्रे मारला, गुडघा मारला, तो खाली बसला. इथवर तिचा हक्क आहे. तो खाली बसल्यावर तिने दगड घेऊन त्याच्या डोक्यात घातला तर तो हक्कात बसत नाही. भाऊ त्या क्षणी तिथे असेल आणि त्याने त्या माणसाला ओढून बाजूला फेकलं, तर तोही हक्क. तोच भाऊ दुसऱ्या दिवशी चार मित्र घेऊन बसस्टॉपवर गेला तर गुन्हेगार तो ठरतो आणि पाठलाग करणारा फिर्यादी होतो. हे मुलाला नीट समजावून सांगा. त्याचे हात शिवशिवत असतील, आणि बहिणीची काळजी वाटते म्हणूनच शिवशिवत असतील, म्हणून जास्तच सांगा.

मिरचीचा स्प्रे, म्हणजे पेपर स्प्रे, मात्र जरूर घ्या. त्याला परवाना लागत नाही. मिरचीतल्या तिखट द्रव्याने डोळे आपोआप मिटतात, खोकला येतो, श्वास लागतो, आणि सुटून पळायला वेळ मिळतो. त्याचं काम एवढंच आहे. पर्सच्या तळाशी, रुमाल आणि डब्याच्या खाली ठेवलेला स्प्रे ऐन वेळी सापडत नाही. बसमधून उतरतानाच तो हातात हवा, अंगठा झाकणावर. घेतल्यावर मोकळ्या जागेत एकदा मारून बघा, धार किती लांब जाते ते कळतं. छोट्या डब्यांची धार बहुतेक दोन-तीन मीटरच जाते. वारा तोंडावर असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो. लिफ्टमध्ये किंवा बंद रिक्षात मारला तर दोघांनाही लागतो. डब्यावरची मुदत पाहून वेळेवर बदला. चुकून स्वतःला लागला तर चोळू नका, मोकळ्या हवेत या, भरपूर पाण्याने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा. विमानात केबिनच्या सामानात नेता येत नाही.

परवाना लागत नाही म्हणून तो कुणावरही मारता येतो असं समजू नका. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ साली एका जागेच्या वादातल्या प्रकरणात जिवाला तातडीचा धोका नसताना स्प्रे मारणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि पेपर स्प्रे हे घातक हत्यार आहे असं म्हटलं. भांडणात, पार्किंगच्या वादात, कुणी नुसतं तोंड वाजवलं म्हणून स्प्रे मारायचा नाही. अॅसिडसारखं काही बाटलीत भरून ठेवायचा विचार तर कुणाच्या मनातही येऊ देऊ नका. ते टाकून इजा झाली तर न्याय संहितेच्या कलम १२४ ची शिक्षा किमान १० वर्षांपासून सुरू होते, नुसता टाकायचा प्रयत्न केला तरी किमान ५ वर्षांपासून.

बंदुकीचं थोडक्यात सांगते. परवान्यासाठी वय किमान २१ लागतं, अर्ज पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे होतो, पोलीस चौकशी होते, जिवाला खरा धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं. वय सोडलं तर तुमच्या मुलाकडे दाखवण्यासारखं यातलं काही नाही. असतं तरी मी नको म्हटलं असतं. आत्ता ज्या रागात तो आहे, त्या रागाच्या घरात बंदूक येऊ नये.

ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट दोन ओळींत आली आणि मागे पडली. दोन महिने पाठलाग. हा स्वतःच गुन्हा आहे. न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्या खेपेला ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत आणि तेव्हा तो अजामीनपात्र होतो. अंगाला हात लावायची वाट पाहायची नसते. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ठाण्यात "एनसी (अदखलपात्र नोंद) करून घेऊ" म्हणाले तर मान्य करू नका, एफआयआरच मागा. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्याला ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. ऑनलाइन तक्रार दिली तर ३ दिवसांच्या आत सही करायला जावं लागतं. नाहीच घेतली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस आयुक्तालयात) पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, त्यानेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जाण्याआधी मुलीकडून आठवतील त्या तारखा, वेळा, जागा, त्याचे कपडे, गाडीचा नंबर असं सगळं वहीत लिहून घ्या. बसस्टॉपसमोरच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्यावर असेल तर लवकर विचारा, रेकॉर्डिंग फार दिवस राहत नाही.

आणि तिच्या कंपनीलाही जाब विचारा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ च्या कलम १३ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, संरक्षणाची सोय हवी आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत वाहन हवं. कामगारांची ठरावीक संख्या असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू आहे. मुलगी साडेदहाला सुटून बसने येते, तेव्हा हा कायदा पाळला जात नसावा. लेखी अर्ज द्या, प्रत ठेवा, एचआरने टोलवलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. दारापर्यंत गाडी मिळाली तर कुठल्याही स्प्रेपेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता मुलाचं. त्याला काठ्या पडल्या हे चूकच झालं, आणि त्याच्या रागाला कारण आहे. हे तुम्ही त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. "तूच उलट बोलला असशील" असं आपण आईबाप पटकन बोलून जातो. उलट बोलण्याची शिक्षा काठी नाही. शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम आहे, पोलिसांचं नाही.

पोलिसांना बळ वापरायचा अधिकार आहे, पण त्यालाही माप आहे, आणि ते माप तुमच्या मुलीच्या हक्काच्या मापासारखंच आहे: लागेल तेवढं, लागेल तेव्हा. अटक करताना कुणी जोर लावून विरोध केला तर अटकेसाठी आवश्यक ते सगळे उपाय करता येतात, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा ज्याच्यावर नाही अशा माणसाचा अटकेच्या नावाखाली जीव घेता येत नाही, हेही तेच कलम सांगतं. कलम ४६ म्हणतं, पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचं नाही. बेकायदा जमाव पांगवताना आधी हुकूम द्यायचा, तो मानला नाही तरच बळ. नाकाबंदीत कुणी पोलिसांचं कायदेशीर सांगणं ऐकत नसेल तर कलम १७२ प्रमाणे त्याला बाजूला नेता येतं, ताब्यात घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करता येतं, किरकोळ बाबतीत २४ तासांच्या आत सोडता येतं. कागदपत्रं नसतील तर चलन फाडता येतं. यात कुठेही पोटरीवर काठी मारा असं लिहिलेलं नाही.

मग उलट हात उचलावा का? न्याय संहितेचं कलम ३७ याचं उत्तर देतं, आणि ते तुमच्या मुलाला आवडणार नाही. सरकारी नोकर आपल्या पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काही करत असेल, ते कायद्यात काटेकोरपणे बसत नसलं तरी, त्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. समोर पोलीस आहे हे माहीत असेल तर अपवाद एकच: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती. हाड मोडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, १५ दिवस तीव्र वेदना राहतील अशी इजा, या जबर दुखापती. वळ त्यात बसत नाहीत. मुलगा म्हणेल, रागाने मारणाऱ्याची सद्भावना कसली? मुद्दा बरोबर आहे, आणि न्यायालयात तो मांडता येतो. पण तो ठरतो काही वर्षांनी. रस्त्यावर त्या क्षणी घडतं एवढंच की याने काठी धरली किंवा धक्का दिला, आणि कलम १३२ किंवा १२१ लागलं. पोलिसाला कर्तव्यापासून परावृत्त करायला साधी दुखापत केली तरी ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याला मारलं तोच आरोपी होतो, आणि नोकरीच्या पुष्कळ अर्जांत ते प्रकरण लिहावं लागतं. म्हणून मी त्याला सांगेन: डोकं झाक, हात दिसतील असे ठेव, पळू नकोस, "साहेब, मी विरोध करत नाही" हे मोठ्याने म्हण, छातीवरच्या पाटीवरचं नाव वाच, आणि लढाई दुसऱ्या दिवसासाठी ठेव.

ती दुसऱ्या दिवसाची लढाई अशी असते. मार पडला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं, मार कुणी आणि कशाने दिला ते डॉक्टरांना सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्यायची. वळांचे तारखेसह फोटो काढायचे. पोलिसाचं नाव, गाडीचा क्रमांक, जागा, वेळ, सोबतच्या माणसांची नावं लिहून ठेवायची. मग वरिष्ठांकडे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा मानवी हक्क आयोगाकडे लेखी तक्रार. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणजे तुमच्या मुलाची वेळ अजून गेलेली नाही. वळांचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असेल, कुणा मित्राला पाठवला असेल, तर शोधा. त्या वेळी औषध घेतलं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी शोधा. आणि मारहाण ठाण्यात झाली असती तर आणखी एक दार होतं: सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण दीर्घकाळ जपून ठेवायला सांगितलं आहे, ते मागता येतं. कोठडीत मारून कबुली घेणं कलम १२० खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, जबर दुखापत असेल तर १० वर्षांपर्यंत.

या तक्रारींचा निकाल लवकर लागत नाही आणि प्रत्येक वेळी आपल्या बाजूने लागत नाही. तरी त्या कराव्यात असं माझं ठाम मत आहे. कोठडीतल्या माणसाचे जे हक्क आज आपण धरून बोलतो, नातेवाइकांना कळवणं, पंचनाम्यासारखा अटकेचा कागद करणं, वैद्यकीय तपासणी, त्यांतले बरेचसे १९९६ सालच्या डी. के. बसू निकालातून आले, आणि तो निकाल एका पत्रापासून सुरू झाला होता.

मुलीसाठी एक सूचना. रात्री साध्या कपड्यांतला कुणी "पोलीस आहे, चल गाडीत बस" म्हणाला तर तिने बसायचं नाही. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीतच अटक करता येते, तीही महिला अधिकाऱ्याने, न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. समोरचा पोलीस आहे हे माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर कलम ३७ चं बंधन तिला लागू होत नाही. तिथे तिचा पूर्ण हक्क आहे, स्प्रेसकट. तिने ओरडावं, गर्दीच्या दुकानात शिरावं आणि ११२ लावावा.

ताई, ठाण्यात मुलीबरोबर तुम्ही जा आणि मुलालाही न्या. त्याला तिथे जायचं नसेल, ते मी समजू शकते. पण बहिणीच्या तक्रारीत तारखा सांगायला तो लागेल, आणि स्वतःची तक्रार लिहायची तर सुरुवात तिथूनच होईल. दिवसा जा, दोन प्रतींत लिहून न्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती हातात घेतल्याशिवाय निघू नका. नकार दिला तर कुणी दिला आणि किती वाजता, ते लिहून मला कळवा, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.